रस्ता बघून जुळवलेली सायकल

"तेवढ्या पैशांत बुलेट आली असती की!" नगर जिल्ह्यात रोडबाइक घेऊन रस्त्यावर उतरलेल्या माणसाला हे वाक्य टपरीवर चहा पिताना, नाक्यावर पाणी भरून घेताना आणि कैक वेळा स्वतःच्या घरातही ऐकावे लागते. विचारणाऱ्याच्या मनात कुचेष्टा नसते. ज्या जिल्ह्यात सायकलीने दोन पिढ्या दुधाच्या किटल्या वाहिल्या, शाळेत पोरे नेली, टोपल्या-पोती बाजाराला पोचवली, तिथे सायकल ही परवडत नाही म्हणून चालवायची वस्तू असते. ती कुणी हौसेने, साठवलेल्या पैशांतून, एकेक भाग निवडून उभी करतो हे ऐकणाऱ्याला नवे वाटते. पुढच्या पानांचा विषय हीच माणसे आणि त्यांच्या सायकली आहेत. म्हणून सुरुवातीलाच सांगायला हवे, की इथे किमतीची गोष्ट दुय्यम आहे. नगरची चांगली रोडबाइक दोन मापांवर उभी राहते. एक माप चालवणाऱ्याच्या अंगाचे आणि दुसरे तो ज्या रस्त्यावर रोज निघतो त्या रस्त्याचे. ही दोन मापे जुळली की तीस-चाळीस हजारांची सायकलही स्वप्नातली ठरते. ती नाही जुळली, तर तीन लाखांची कार्बन सायकल महिन्याभरात गॅलरीत कपडे वाळत घालायच्या कामाला येते.

आता रस्त्याचे माप. अहिल्यानगर, म्हणजे आपला नगर जिल्हा, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. एका टोकाला अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, घाटघर-रतनवाडीचा कोसळणारा पाऊस आणि डोंगराला चिकटलेले रस्ते. दुसऱ्या टोकाला कर्जत-जामखेडचा उघडा माळ, जिथे पावसाची वाट बघण्यात अर्धे वर्ष जाते. मध्ये प्रवरेच्या काठचा ऊस, पारनेरचे पठार, पाथर्डीकडचे डोंगर. घाटघरला वर्षाकाठी जेवढा पाऊस पडतो त्याच्या दशांश-अष्टमांशावर नगर शहर वर्ष काढते. एकाच जिल्ह्यात इतका फरक असला की 'रोडबाइक कोणती घ्यावी' या प्रश्नाला एक उत्तर उरत नाही. संगमनेरच्या माणसाला दिलेला सल्ला श्रीगोंद्याच्या माणसाला लागू पडेलच असे नाही.

शहरातून बाहेर पडणारा जवळजवळ प्रत्येक मोठा रस्ता कुठे ना कुठे चढतो किंवा उतरतो. मनमाड रस्त्याला विळद घाट, छत्रपती संभाजीनगर रस्त्याला इमामपूरचा घाट, पुणे रस्त्याला कामरगावकडचा चढ, पाथर्डी रस्त्याला करंजी घाट. यांतला एकही बोरघाटाइतका मोठा नाही. पण सकाळी सहाला निघून नऊपर्यंत दुकान उघडायला किंवा शाळेत शिकवायला परतणाऱ्या माणसाला तेवढे पुरतात. सगळ्यांचा लाडका चढ मात्र चांदबिबी महालाचा. हा महाल चांदबिबीचा नाही. ती मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर आहे. शाह डोंगरावरची ही तीन मजली अष्टकोनी इमारत नगरच्या पूर्वेला दुरूनही दिसते. पाथर्डी रस्ता सोडून वळणे घेत वर जाणारा रस्ता लहानसाच आहे, पण शहराच्या पातळीपासून त्याची उंची अडीचशे मीटरहून जास्त भरते. नवी सायकल, नवा गिअर, नवे टायर, काहीही आणले तरी नगरकर आधी ते इथे आणून बघतो. महालाच्या चौथऱ्याशी पोचल्यावर दम किती लागला, यावरून खरेदी वसूल झाली की नाही हे ठरते.

गिअरचे गणित इथेच समजते. जुनी काळी सायकल, म्हणजे अॅटलास किंवा हिरो, पुढे ४४ दात आणि मागे १८ दात अशा ठेवणीची असे. पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की ती साधारण साडेपाच मीटर पुढे जाई. सपाटीवर हे ठीक, पण चढावर तोच एक गिअर मांडीत गोळे आणतो. हल्लीच्या रोडबाइकला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या असतात आणि मागे ११ पासून ३४ पर्यंतचा संच मिळतो. सर्वांत जड गिअरवर एका फेऱ्यात साडेनऊ मीटरच्या वर अंतर कापले जाते. सर्वांत हलक्या गिअरवर मागचे चाक पायडलबरोबर एकच फेरा घेते, म्हणजे दोन मीटरच्या किंचित वर. मिनिटाला सत्तर फेरे या आरामशीर लयीत ताशी नऊ किलोमीटरने माणूस बसल्या जागी घाट चढतो. शर्यतीतल्या सायकली बघून भुललेले नवखे मागे २८ दातांवर थांबणारा संच घेतात, कारण तो दिसायला आटोपशीर असतो. पहिल्या पावसाळ्यात अकोल्याहून राजूरकडे जाताना विठा घाटात त्यांना त्या चार-सहा दातांची किंमत कळते. या भागातल्या जाणत्या चालवणाऱ्यांचा सल्ला एकच असतो, मागे ३२ किंवा ३४ लावा आणि लाजू नका.

वाऱ्याचेही तसेच. नगरच्या आसपास खांडके आणि पारनेर भागात पवनचक्क्या उभ्या आहेत. टाटा पॉवरचा खांडक्याचा प्रकल्पच ५०.४ मेगावॉटचा आहे. पवनचक्की जिथे परवडते तिथे सायकलवाल्याला काय सोसावे लागत असेल, ते वेगळे सांगायला नको. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे सपाटीवर ताशी तीसच्या पुढे गेले की पायांतली बहुतेक ताकद हवा कापण्यातच खर्च होते. खोल कडांची कार्बन चाके हे त्यावरचे उत्तर म्हणून विकले जाते आणि समोरच्या वाऱ्यात ते खरेही आहे. पण आषाढातला वारा माळावरून आडवा येतो तेव्हा पन्नास मिलिमीटर खोलीची पुढची रिम शिडासारखी वारा धरते आणि हँडल हातातून ओढले जाते. पारनेरच्या पठारावर नियमित चालवणारे म्हणून कमी खोलीच्या रिमवर समाधान मानतात. सायकलींच्या मासिकांतल्या चाचण्या हे सांगत नाहीत, कारण त्या सुप्याच्या माळावर झालेल्या नसतात.

आणि काटे. नगर जिल्ह्यातल्या सायकलीचा खरा वैरी खड्डा नव्हे, सराटा. रस्त्याकडेच्या कोरड्या मातीत पसरणाऱ्या या वेलीचे फळ वाळले की त्याचे काटे सुटे होऊन डांबरावर येतात, आणि ते कसेही पडले तरी एक टोक वर राहतेच. बाभळीचा काटा लांब, म्हणून निदान दिसतो. सराटा टायरमध्ये रुतून बसतो, मैलभर काही कळत नाही, मग हवा हळूहळू उतरते. नवी ट्यूब घातल्यावर तीही बसते, कारण काट्याचे टोक टायरच्या आतल्या बाजूला तसेच असते. यातून तयार झालेली पद्धत अशी: पंक्चर झाले की ट्यूब काढायची, टायर उलटा करून आतून बोट फिरवायचे, बोटाला टोचले की पक्कडीने काटा उपटायचा, आणि मगच नवी ट्यूब. कापसाचा बोळा फिरवला तर बोट वाचते, तंतू काट्यात अडकतात आणि जागा सापडते. अलीकडे बरेच जण ट्यूबलेसकडे वळले आहेत. टायरमध्ये ओतलेले पातळ रबरी द्रव्य काट्याचे भोक आतल्या आत बुजवते. पंचवीस मिलिमीटरच्या टायरवरून अठ्ठावीस आणि तिथून बत्तीसवर जाण्याचा ओघही त्याच कारणाने आहे. जाड टायरने वेग कमी होतो ही समजूत जुनी झाली. खडबडीत डांबरावर थोडी कमी हवा आणि थोडा रुंद टायर जास्त वेगाने आणि कमी हादऱ्यांनी धावतो, हे आता युरोपातल्या शर्यतींतही मान्य झाले आहे.

सायकल जुळवण्याची ही हौस आयत्या पैशातून आलेली नाही. महाराष्ट्रात शर्यतीच्या सायकलीला मोठी परंपरा आहे, आणि ती साध्या घरांतून आलेल्या पोरांनी घडवली. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटांचा राजा' म्हणत, आणि तो किताब अंतिम विजेतेपदाइतकाच मानाचा होता. सांगली, कोल्हापूर, पुणे या पट्ट्यात घराघरांत शर्यतवीर होते. ज्यांच्याकडे खास सायकल नव्हती ते घरच्या काळ्या सायकलीचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर, घंटी सगळे उतरवत, हँडल उलटे बसवत आणि वीस-बावीस किलोची गाडी जमेल तेवढी हलकी करून स्पर्धेला उभे राहत. गावच्या यात्रेतल्या सायकल स्पर्धांना आजही अशा सोललेल्या सायकली दिसतात. स्वप्नातली सायकल जुळवणे म्हणजे काय, हे त्या पोरांना कुणी शिकवले नव्हते. नको ते काढायचे आणि हवे ते मिळेपर्यंत आहे त्यावर भागवायचे, एवढेच ते करत होते.

त्याच्याही आधी, १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी १९२८ च्या मार्चमध्ये ती फेरी पुरी केली, सुमारे ७१,००० किलोमीटर. गिअर नव्हते, रस्ते बहुतेक ठिकाणी नावालाच होते. पुण्याच्या निगडीची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली वयाच्या विसाव्या वर्षी एकटीने सायकलवर जग फिरून आली, २९ हजार किलोमीटर, १५९ दिवस. या दोन सफरींच्या मधल्या पंचाण्णव वर्षांत सायकलीत बदललेल्या गोष्टी बघितल्या, तर आकार जवळजवळ तोच राहिला आहे. दोन त्रिकोण जोडून केलेला सांगाडा, दोन चाके, साखळी. बदलले ते धातू, दाते आणि ब्रेक.

सांगाड्याच्या धातूवरून सायकलवाल्यांत जितका वाद झडतो तितका नगरमध्ये राजकारणावरूनही झडत नसेल. पोलादाचे चाहते १९३५ साली इंग्लंडात निघालेल्या रेनॉल्ड्स ५३१ या नळीचे नाव आजही आदराने घेतात. ही नळी टोकांना जाड आणि मध्ये पातळ असे, म्हणून सांगाडा हलकाही होई आणि जोडावर तुटतही नसे. पोलाद गंजते, पण वाकले तर सरळ करता येते आणि तडकले तर कुशल गॅसवेल्डर जोडून देतो. अॅल्युमिनिअम स्वस्त, हलके आणि ताठ. पहिली रोडबाइक बहुतेकांची याच धातूची असते, डेकॅथलॉनची ट्रायबन किंवा तशीच एखादी. कार्बन सर्वांत हलका. आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६.८ किलो ठरवले आहे आणि कार्बनमुळे निर्मात्यांना ते सहज गाठता येते. मात्र कार्बनची सायकल टेम्पोच्या हौद्यात दोरीने आवळून नेली की तिचा घात होतो. आतला तडा बाहेरून दिसत नाही. ज्यांना गावोगाव बसच्या टपावरून किंवा पिकअपमधून सायकल न्यावी लागते त्यांनी कार्बनच्या नादी लागू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या तिन्हींच्या पलीकडे एक चौथा धागा पुण्यात आहे आणि त्याचा इथे आवर्जून उल्लेख करायला हवा. हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर शशिशेखर पाठक 'बांबूची' या नावाने बांबूच्या सायकली हाताने घडवतात. पक्का, वाळवलेला, प्रक्रिया केलेला बांबू मापाने कापायचा, साच्यात बसवायचा, सांध्यांवर नैसर्गिक धागे इपॉक्सी राळेत भिजवून घट्ट गुंडाळायचे, सुकले की घासून गुळगुळीत करायचे. बांबू रस्त्याचा हादरा स्वतः पितो, म्हणून लांबच्या पल्ल्यावर मनगट आणि पाठ कमी दुखते. एकेका गिऱ्हाइकाच्या अंगाचे माप घेऊन सांगाडा करण्याची ही पद्धत जगात फार थोड्या ठिकाणी टिकून आहे. पॅरिसजवळच्या लव्हालवा-पेरेमध्ये अलेक्स सिंगरची कार्यशाळा १९३८ पासून अशाच सायकली करते. जपानमध्ये केरीन शर्यतींसाठी आजही हाताने जोडलेल्या पोलादी चौकटी लागतात. पुण्याच्याच कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी केलेली घडीची बीएसए सायकल तिथे बघायला मिळते. नगरच्या रणगाडा संग्रहालयाला भेट देणाऱ्यांनी पुण्यात गेल्यावर ही सायकलही बघावी. युद्धासाठी माणसाने किती जड आणि किती हलके यंत्र केले, ते दोन टोकांनी समजते.

अंगाचे माप घेण्याचे शास्त्र आता 'बाइक फिट' या नावाने ओळखले जाते आणि मोठ्या शहरांत त्याला कॅमेरे, संगणक, हजारो रुपये लागतात. पण त्याचा गाभा घरीही साधतो. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहायचे, दोन पायांत एक जाड पुस्तक आडवे धरून वर दाबायचे आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतची उंची घ्यायची. तिला ०.८८३ ने गुणले की पायडलचे दांडे ज्या मधल्या आसाभोवती फिरतात, त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. मग सायकलवर बसून पायडल आडवी ठेवायची आणि पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून गवंड्याचा ओळंबा सोडायचा. दोरी पायडलच्या आसावरून गेली तर सीट पुढे-मागे सरकवायची गरज नाही. यात मिलिमीटरचा हिशोब नसतो आणि प्रत्येकाच्या शरीराची ठेवण वेगळी असते, पण सुरुवात म्हणून ही पद्धत चांगली आहे. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडून देणाऱ्यांतले कित्येक जण केवळ सीट दोन बोटे खाली ठेवून बसलेले असतात.

चाकाचे काम मात्र घरी जमत नाही, आणि इथे जुना सायकल मिस्त्री अजून राजा आहे. बत्तीस आऱ्यांचे चाक डाव्या-उजव्या ओढीच्या तोलावर उभे असते. एखादी आरी सैल झाली की रिम डुलते, ब्रेकला घासते. याला आपल्याकडे चाक 'आउट' झाले म्हणतात. महागड्या दुकानांत त्यासाठी मोजणीची यंत्रे असतात. गल्लीतला मिस्त्री चाक उलट्या सायकलीतच फिरवतो, रिमजवळ खडू धरतो, जिथे रेघ उमटते तिथली निपल पाव फेरा ढिली आणि समोरची पाव फेरा घट्ट करतो. मग बोटाच्या टिचकीने एकेक आरी वाजवून बघतो. सगळ्यांचा सूर जवळजवळ एक आला की काम झाले. लाखाच्या सायकली घेणारे कितीतरी नगरकर आउट काढायला याच माणसाकडे येतात. मुले या कामात येत नाहीत म्हणून ही कला दहा-पंधरा वर्षांत मावळेल, अशी भीती आहे. कुणी रोडबाइकवर लाख खर्चणार असेल, तर त्यातले थोडे या माणसाच्या हाताखाली चार रविवार बसण्यासाठी ठेवावे.

जुळवलेली सायकल घेऊन जायचे कुठे? गेल्या पंधरा वर्षांत याचे उत्तर लांब पल्ल्याने दिले. फ्रान्समध्ये १८९१ साली सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस ही १,२०० किलोमीटरची सफर ९० तासांत पुरी करायची असते आणि ती दर चार वर्षांनी भरते. तिच्या पात्रतेसाठी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम सफरी अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांत कराव्या लागतात. चारही एका हंगामात केल्या की माणूस 'एसआर' होतो, म्हणजे सुपर रँडोनर. ही पद्धत भारतात रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा मोठा वाटा आहे. २०१९ आणि २०२३ च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिसला भारतातून शेकडो सायकलवाले गेले. बीआरएम ही शर्यत नाही, पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मधल्या ठाण्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा, आणि दुकान बंद असेल तर एटीएमची पावतीही पुरावा म्हणून चालते. सर्वांना दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. नोकरी-धंदा सांभाळून चाळिशीतल्या-पन्नाशीतल्या माणसांना ही स्पर्धा मानवली, कारण ती फक्त घड्याळाशी आहे.

सायकलीचे भाग निवडण्याची पद्धतही या सफरींनी बदलली. रात्री दोनला घोडेगावच्या पुढे एकटे असताना किती हलकी चाके आहेत याने काही होत नाही. डायनॅमो हबचा दिवा विझत नाही, याने होते. जुन्या सायकलीच्या टायरला घासून किरकिरणारा डायनॅमो ज्यांनी बालपणी पाहिला, तेच आता चाकाच्या तुंब्यात बसवलेला, आवाज न करणारा डायनॅमो हौसेने मागवतात.

नाशिक या चळवळीत पुढे आहे आणि नगरला तिचा शेजार लाभला. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पुरी केली. ती पुरी करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. समर्थांनी पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरवरची सायबेरियाची शर्यतही पुरी केली. नाशिकहून सायकलवर पंढरपूरला जाणारी वारी आषाढीच्या आधी नगरवरूनच पुढे जाते. शेकडो सायकली एका वेळी शहरात शिरतात तेव्हा रस्त्याकडेला थांबलेल्या पोरांच्या डोळ्यांत जे दिसते, त्यातून पुढचे कितीतरी सायकलवाले तयार होतात.

जिल्ह्याचे स्वतःचे नाव घ्यायचे तर संगमनेरच्या प्रणिता सोमण हिचे. रोड आणि माउंटन बाइक या दोन्ही प्रकारांत तिने राष्ट्रीय पातळीवर महाराष्ट्रासाठी पदके आणली. संगमनेरला तालमीसाठी लागते ते सगळे निसर्गाने दिले आहे. पुणे रस्त्याला चंदनापुरी घाट, नाशिककडे कऱ्हे घाट, अकोल्याच्या दिशेने सह्याद्री. एका तालुक्याच्या गावातून मुलगी राष्ट्रीय शर्यतीला जाते, ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे.

आता तक्रारीची गोष्ट, आणि ती मोकळेपणाने केलेली बरी. लोणीला १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याने जिल्ह्याचे नशीब बदलले. पण दिवाळीनंतर मार्चपर्यंत, म्हणजे सायकलीच्या ऐन हंगामात, रस्ते ऊसवाहतुकीने भरून जातात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्हींतून बाहेर आलेला ऊस, आणि कित्येकांना मागे दिवाही नाही, लाल पट्टीही नाही. पहाटे धुक्यात अशी ट्रॉली सायकलवाल्याला दहा हातांवर आल्यावर दिसते. दुचाकीवाले दरवर्षी यात जीव गमावतात. ट्रॉलीला लावायची चमकणारी पट्टी काही शेकड्यांत येते. कारखान्याच्या गेटवर पट्टी नसलेली ट्रॉली आत घेऊ नये, इतका साधा नियम कडक पाळला तर सायकलवाल्यांचेच नव्हे, ऊसतोड मजुरांचेही जीव वाचतील. बैलगाडीवर झोपलेल्या पोरांसकट ती कुटुंबे याच अंधारातून जातात.

पावसाळ्यात जिल्ह्यातले सायकलवाले अकोल्याकडे धाव घेतात. विल्सन धरणाच्या जलाशयाला फेरा घालणारा शेंडी–मुरशेत–पांजरे–उडदावणे–घाटघर–साम्रद–रतनवाडी हा चाळीसएक किलोमीटरचा रस्ता महाराष्ट्रातल्या सर्वांत सुंदर सायकलमार्गांत मोडतो. इथे डिस्क ब्रेक लावून घेतल्याचे चीज होते. ओल्या रिमवर रबरी ब्रेक आधी पाणी पुसतो आणि मग धरतो, आणि तेवढ्या क्षणात वळण येऊन गेलेले असते. मात्र काजव्यांच्या हंगामात, मे-जूनच्या रात्री, या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. तेव्हा सायकल न्यायची तर दिवसा न्यावी.

सुट्या भागांचा बाजारही हळूहळू सुधारतो आहे. बराच माल जपान, तैवान, चीनमधून येतो आणि त्यावर सीमाशुल्क चढते, पण सप्टेंबर २०२५ मध्ये सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या मालाची देवघेव तर पहिल्यापासून आहे. एकाने वरचा गिअरसंच घेतला की त्याचा जुना संच गटातल्या दुसऱ्याच्या सायकलीला लागतो, त्याचा त्याहून जुना तिसऱ्याच्या. अशा रीतीने एखाद्या कॉलेजच्या पोराची सायकल पाच जणांच्या सायकलींतून जुळलेली असते. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात ४३७ किलोमीटरची पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यादीतली शर्यत झाली. व्यावसायिक संघ घाटांत कोणता गिअर टाकतात, किती रुंद टायर लावतात, हे बघायला आता युरोपला जायची गरज उरली नाही. शिरूर ओलांडले की नगर जिल्हा सुरू होतो. पुढची अशी शर्यत घोडनदी ओलांडून सुपे, कामरगावमार्गे नगरला का येऊ नये, असे इथले सायकलवाले विचारू लागले आहेत. त्यासाठी लागणारे चढ, सपाटी आणि वारा इथे आहेच. कडेपर्यंत नीट भरलेले डांबर तेवढे हवे आहे.